विश्लेषण : रेल्वे स्वस्त, तरी कंटेनर ट्रेलरवरच का? न्हावा-शेवा ते भिवंडी कोंडीचे गणित

न्हावा-शेवा बंदरात आज दोन कंटेनर उतरले असे समजा. एक दिल्लीजवळच्या दादरीला जाणार आहे, दुसरा भिवंडीच्या गोदामात. दादरीच्या कंटेनरला १,४०० किलोमीटरहून अधिक अंतर कापायचे आहे आणि त्याला रेल्वे मिळू शकते. भिवंडी साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, पण त्या कंटेनरला ट्रेलरशिवाय पर्याय नाही. हा ट्रेलर कळंबोली, तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, मानकोली असा जातो. या रस्त्यावर रात्री अडकलेल्या कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या माणसाने एकदा तरी मनात विचारलेले असते, एवढा सगळा माल रेल्वेने का नेत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. एक टन माल एक किलोमीटर नेण्याचा खर्च रस्त्यापेक्षा रुळांवर कमी येतो, इंधनही कमी लागते. बंदरापर्यंत रूळ आहेत, भिवंडीतही रेल्वे स्थानक आहे. तरीही हा कंटेनर गाडीवर चढत नाही. याचे कारण गाडी धावते त्या अंतरात फारसे नाही. ते गाडी जिथे भरते आणि जिथे रिकामी होते त्या दोन टोकांना आहे, आणि ही दोन्ही टोके देशातल्या सर्वात गर्दीच्या शहराला चिकटलेली आहेत.

बंदरातून रोज किती कंटेनर बाहेर पडतात?

मुंबई बंदरावरचा ताण कमी करण्यासाठी खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर उभे राहिले आणि २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. आज त्याचे अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, म्हणजे जेएनपीए. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचे माप. चाळीस फुटी कंटेनर दोन टीईयू धरला जातो.

आता ढोबळ भागाकार करू. ७३ लाख भागिले ३६५ म्हणजे दिवसाला साधारण २० हजार टीईयू. यात रेल्वेचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. म्हणजे किमान १६ हजार टीईयू रस्त्याने ये-जा करतात. एका ट्रेलरवर जास्तीत जास्त दोन टीईयू मावतात. प्रत्येक ट्रेलर पूर्ण भरून धावतो असे मानले, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी दिवसाला किमान आठ हजार खेपा झाल्या. त्यात रिकाम्या कंटेनरच्या आणि नुसत्याच रिकाम्या ट्रेलरच्या फेऱ्या धरलेल्या नाहीत.

याउलट एका नेहमीच्या कंटेनर गाडीला ४५ वाघिणी असतात आणि तिच्यात ९० टीईयू मावतात. एक गाडी सुटली की किमान ४५ ट्रेलर रस्त्यावरून कमी. केंद्राच्या राष्ट्रीय रेल्वे आराखड्याचेही उद्दिष्ट हेच आहे. तो तयार झाला तेव्हा देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा सुमारे २७ टक्के होता, तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यायचा आहे.

मग भिवंडीचा कंटेनर गाडीवर का चढत नाही?

शाळेतले वाय बरोबर एमएक्स अधिक सी आठवा. एम म्हणजे दर किलोमीटरचा खर्च आणि सी म्हणजे अंतर कितीही असो, द्यावाच लागणारा खर्च. रेल्वेचा एम लहान आहे, पण सी मोठा. ट्रकचे नेमके उलटे. त्यामुळे आलेखावर या दोन रेषा कुठेतरी एकमेकींना छेदतात. त्या बिंदूच्या अलीकडे ट्रक स्वस्त, पलीकडे रेल्वे. माल कोणता, परतीचा माल मिळतो का, यावर तो बिंदू सरकतो, पण सहसा काही शे किलोमीटरवर असतो. साठ किलोमीटर त्याच्या कितीतरी अलीकडे राहतात.

हा सी कशाचा बनलेला असतो? ट्रेलरचा प्रवास आधी पाहा. बंदराच्या यार्डात क्रेनने कंटेनर उचलला, ट्रेलरवर ठेवला, गेटवर कागद तपासले, थेट गोदामाच्या दारात. कंटेनर एकदाच उचलला गेला.

आता हाच कंटेनर गाडीने न्यायचा म्हटले तर? यार्डातून उचलून बंदराच्या आतल्या ट्रेलरवर, तिथून रेल्वे यार्डात, पुन्हा उचलून वाघिणीवर. मग रेक भरेपर्यंत थांबायचे. रेक भरला की मार्ग मोकळा मिळेपर्यंत थांबायचे. दुसऱ्या टोकाला पुन्हा उचलून जमिनीवर किंवा ट्रेलरवर, आणि मग त्या ट्रेलरने गोदामापर्यंत. ट्रेलर टळला नाहीच, फक्त तो शेवटच्या दहा किलोमीटरला लागला. प्रत्येक उचलीचे पैसे पडतात आणि क्रेनला तुमचा कंटेनर दादरीला जाणार की भिवंडीला याच्याशी देणेघेणे नसते. १,४०० किलोमीटरवर हा खर्च पसरून पातळ होतो. साठ किलोमीटरवर तोच भाड्यापेक्षा मोठा ठरू शकतो.

यात रिकाम्या कंटेनरची भर घाला. गोदामात माल उतरला की कंटेनर शिपिंग कंपनीला परत द्यायचा असतो आणि रिकाम्या कंटेनरचे बहुतेक यार्ड बंदराच्या आसपास, उरण-द्रोणागिरीच्या पट्ट्यात आहेत. भिवंडीतच एखाद्या निर्यातदाराला त्याच दिवशी तोच कंटेनर मिळाला तर फेरी वाचेल. पण आयातदाराची शिपिंग कंपनी एक, निर्यातदाराची दुसरी, कंटेनरचा आकार वेगळा, दिवस वेगळा. परिणामी भरलेला कंटेनर एका बाजूने आणि रिकामा दुसऱ्या बाजूने, दोन्ही मुंब्रा बायपासवरून.

भिवंडी म्हणजे एक जागा नव्हे

कागदावर भिवंडीत मोठे टर्मिनल बांधले की प्रश्न सुटेल असे वाटते. प्रत्यक्षात भिवंडीची गोदामे काल्हेर-कशेळीपासून अंजूरफाटा, मानकोली, वडपे ते थेट पडघ्यापर्यंत पसरली आहेत. ती तिथे का वाढली याचे कारण रेल्वेशी संबंधित नाही. मुंबईत माल आणला की महापालिकेची जकात भरावी लागे. त्यामुळे माल जकात नाक्याबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, हा व्यवहार अनेक दशके चालला. जमीन स्वस्त, मुंबई-नाशिक महामार्ग दारात, गुजरातकडे जायला घोडबंदरचा रस्ता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे तिथेच राहिली. उलट जीएसटीनंतर राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याची गरज संपल्याने मोठ्या गोदामांची मागणी वाढली आणि ऑनलाइन खरेदीने त्यात भर टाकली. तुमच्या घरी काल आलेले पार्सल भिवंडी तालुक्यातूनच निघाले असण्याची शक्यता बरीच आहे.

म्हणजे गोदामांच्या जागा कराने आणि महामार्गाने ठरवल्या, रुळांनी नाही. कारखान्याला किंवा गोदामाला स्वतःची सायडिंग असली तर शेवटचा ट्रक टळतो. सिमेंट, कोळसा, पोलाद रेल्वेने जाते त्याचे हे एक मोठे कारण. भिवंडीत अशा शेकडो गाळ्यांना सायडिंग कुठून देणार?

रूळ आहेत, मग मालगाडी का थांबते?

समजा कंटेनर लांबचा आहे आणि गाडीवर चढला आहे. जेएनपीएहून उत्तरेला निघालेल्या गाडीचा जुना मार्ग जासई, पनवेल, दिवा, भिवंडी रोड, वसई असा आहे. दिवा-वसई मार्ग कोपरजवळ मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून पुलाने जातो, त्यामुळे तिथे लोकलशी थेट गाठ पडत नाही. खरी गाठ पुढे पडते. विरारच्या उत्तरेला डहाणूपर्यंत वर्षानुवर्षे दोनच मार्गिका. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागल्या. राजधानीपासून गुजरातच्या रोजच्या गाड्यांपर्यंत सगळ्या मेल-एक्स्प्रेस याच दोन रुळांवर आणि त्यांच्या मधल्या फटीत मालगाडी. विरार-डहाणू चौपदरीकरण एमयूटीपी-३ मध्ये घेतले आहे ते याचसाठी.

मुंबईत लोकल पाच मिनिटे उशिरा आली तर बातमी होते. मालगाडी पाच तास थांबली तर कुणाला कळतही नाही. यात रेल्वेला दोष देणे सोपे आहे, पण ७०-७५ लाख लोक रोज ज्या रुळांवर विसंबून आहेत, तिथे मालाला आधी सोडा असे कोणी म्हणणार नाही. म्हणून देशात मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहतो. गाडी हळू चालते म्हणून हा आकडा कमी आहे असे समजू नका. गाडी उभी असते म्हणून तो कमी आहे.

दक्षिण आणि पूर्वेकडे वेगळी अडचण आहे. मुंबईतून वर चढायचे तर बोरघाट किंवा कसारा घाट. दोन्हीकडे चढ ३७ला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. जड गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात, ज्यांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात. चाकण-तळेगावच्या कारखान्यांचा माल बंदरात आणायला एक्स्प्रेस वेवरून ट्रेलर काही तासांत पोहोचतो. रेल्वेला तेवढ्याशा अंतरासाठी घाट, बँकर आणि दोन टोकांच्या उचली एवढे सगळे करावे लागते. त्यामुळे पुणे-जेएनपीए हा इतका मोठा औद्योगिक पट्टा असूनही तिथे ट्रेलरचेच राज्य आहे.

एकच खिडकी, दोघांची गर्दी

या विषयात सर्वात कमी बोलली जाणारी गोष्ट वेळापत्रकाची आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांवर बंधने असतात. सणासुदीत आणि रस्त्याची कामे निघाली की ती आणखी वाढतात. रेल्वेवरही तेच, लोकलच्या गर्दीच्या वेळेत मालगाडीला वाट मिळणे अवघड. म्हणजे ट्रेलर आणि मालगाडी दोघांचेही घड्याळ ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या घड्याळाला बांधलेले आहे. दोघांनाही दुपारी थोडी आणि रात्री मोठी खिडकी मिळते. आणि ती एकाच वेळी उघडते.

याचा टर्मिनलवर काय परिणाम होतो? समजा रात्री सुटलेली गाडी पहाटे पाचला पोहोचली. ९० टीईयू एकदम आले. ते उतरवायला काही तास जातात. पहिले कंटेनर ट्रेलरवर चढेपर्यंत सकाळचे सात-आठ वाजतात आणि रस्त्यावरची बंदी सुरू होते. ट्रेलर उभे, यार्ड भरलेले, आणि पुढची गाडी बाहेर सिग्नलला. टर्मिनलवर कंटेनर ठेवायला ठरावीक वेळ मोफत असतो, त्यानंतर भाडे सुरू होते. वाघिणी वेळेत रिकाम्या झाल्या नाहीत तर विलंब आकार वेगळा. रेल्वेने वाचवलेले पैसे इथे जातात. शिवाय व्यापाऱ्याला स्वस्तापेक्षा नक्की हवे असते. सोमवारी सकाळी माल येणार म्हणजे येणार, हे सांगणारा ट्रकवाला त्याला दोन पैसे महाग असला तरी चालतो.

बंदराच्या आतही एक गुंता आहे. जेएनपीएमध्ये एक बंदर म्हणून आपण जे म्हणतो ती प्रत्यक्षात वेगवेगळ्या कंपन्यांनी चालवलेली टर्मिनल्स आहेत. उत्तरेतून आलेल्या एका गाडीत चार टर्मिनलांचे कंटेनर असू शकतात, कारण निर्यातदार जहाज बघून टर्मिनल ठरवतो, गाडी बघून नाही. पूर्वी अशा गाडीची तोडजोड करण्यात वेळ जाई, किंवा एका टर्मिनलचा माल पुरेसा जमेपर्यंत आतल्या डेपोतच रेक थांबवावा लागे. आता मिश्र गाडी एका जागी उतरवून कंटेनर टर्मिनलांमध्ये पोहोचवण्याची व्यवस्था आहे. ते अंतर कापायला पुन्हा ट्रेलरच लागतात, पण निदान बंदराच्या आतल्या आत.

समर्पित मालवाहतूक मार्गाने काय बदलते?

लांबच्या मालासाठी बरेच. दादरी ते जेएनपीए हा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, म्हणजे डीएफसी, १,५०६ किलोमीटरचा. फक्त मालगाड्यांसाठी, जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून. गाडी दीड किलोमीटर लांब, वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत आणि वरची वीजतार सुमारे साडेसात मीटर उंचीवर. तार एवढी उंच कशाला? कंटेनरवर कंटेनर ठेवता यावा म्हणून. ४५ वाघिणींच्या गाडीत ९० ऐवजी १८० टीईयू. दीड किलोमीटरची गाडी असेल तर त्याच्या दुप्पट.

मात्र मार्च २०२५ अखेर या मार्गाचे सुमारे १,४०४ किलोमीटर पूर्ण झाले होते आणि उरलेला १०२ किलोमीटरचा तुकडा कोणता होता? वैतरणा ते जेएनपीए. राजस्थानच्या वाळवंटातून, अरवलीतून, गुजरातभर रूळ गेले आणि मुंबईच्या वेशीवर येऊन थांबले. पालघर, ठाणे, रायगडमधली जमीन, खारफुटी आणि वनजमिनीच्या परवानग्या, बाधितांचे पुनर्वसन, खाड्या, डोंगर आणि आधीच असलेले रस्ते-रूळ ओलांडणारे पूल. फेब्रुवारी २०२५ मध्ये कल्याण-शीळ रस्त्यावर निळजे इथे याच कामासाठी काही दिवस वाहतूक बंद ठेवावी लागली होती. ट्रक कमी करणाऱ्या रेल्वेसाठी रस्ता बंद आणि त्या बंदमुळे ट्रकांच्या रांगा. डोंबिवलीकरांना हा विनोद तेव्हा कळला नसावा.

हा शेवटचा तुकडा नसेल तर वरचे १,४०० किलोमीटर पूर्ण उपयोगाचे होत नाहीत. जुन्या मार्गावर तार खाली असते, पूल ठेंगणे असतात, म्हणून बंदरातून दोन थरांची गाडी निघूच शकत नाही. वाटेत कुठेतरी दुसरा थर चढवायचा तर पुन्हा टर्मिनल, पुन्हा उचल. आपला सी पुन्हा वाढला.

या उशिराची किंमत गुजरातच्या बंदरांकडे पाहिले की दिसते. पिपावावहून दोन थरांची कंटेनर गाडी २००६ मध्येच जयपूरकडे धावली, डिझेल इंजिनावर. मुंद्र्याहूनही अशा गाड्या सुटू लागल्या. त्या बंदरांच्या आणि राजस्थान-हरियाणाच्या मध्ये विरार नव्हते, दिवा नव्हते. २०२०-२१ मध्ये कंटेनरच्या संख्येत मुंद्रा जेएनपीएच्या पुढे गेले. त्याला इतरही कारणे आहेत, पण उत्तर भारताचा निर्यातदार बंदर निवडताना गाडी किती दिवसांत पोहोचेल हे पाहतो, हे त्यातले एक ठळक कारण.

आता या बातमीचा कळीचा मुद्दा. डीएफसी भिवंडी तालुक्यातून, खारबावच्या बाजूने जातो. पण तिथून दीड किलोमीटरची गाडी जाणे वेगळे आणि तिथे थांबून भिवंडीचा माल उतरवणे वेगळे. त्यासाठी तेवढ्या लांबीचे यार्ड, क्रेन, ट्रेलर उभे करायला जागा आणि तिथून गोदामांपर्यंत गावातून न जाणारा रस्ता लागतो. पंजाब-हरियाणातून मुंबईकरांसाठी येणारा माल इथे उतरू शकला तर तो लांबचा असल्याने रेल्वेला परवडतो. आणि तो शिळफाट्याला येतच नाही. बंदरातून भिवंडीला जाणारा कंटेनर मात्र तेव्हाही ट्रेलरवरच असेल.

लॉस एंजेलिसने खंदक खणला, तरी ट्रक राहिले

ही अडचण फक्त आपली नाही. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांतून निघणाऱ्या गाड्या शहरातून जाताना जागोजागी रस्ते अडवत. म्हणून अल्मेडा कॉरिडॉर बांधला गेला. एप्रिल २००२ मध्ये सुरू झालेला हा ३२ किलोमीटरचा मार्ग, त्यातले १६ किलोमीटर खोल खंदकातून. सुमारे २०० फाटके एका झटक्यात निकालात निघाली. खर्च सुमारे २४० कोटी डॉलर, त्यातला एक भाग कंटेनरमागे शुल्क घेऊन वसूल करायचा होता.

शिकागोसारख्या दूरच्या शहरांचा माल यातून सुरळीत जातो. पण बंदरापासून शंभरेक किलोमीटरवर, सॅन बर्नार्डिनोच्या बाजूला गोदामांचा प्रचंड पट्टा आहे, त्यांची भिवंडी म्हणा हवे तर. तिथला माल आजही ट्रकनेच जातो. खंदकातली रेल्वे बाजूला असूनही. कारण तेच, अंतर कमी आणि सी मोठा.

मग ट्रकच गाडीवर चढवला तर?

हा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातले वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक उताराच्या फलाटावरून सपाट वाघिणीवर चढतो, चालक-क्लीनर ट्रकमध्येच बसून राहतात आणि दुसऱ्या टोकाला उतरून पुढे जातात. नंतर ही सेवा मंगळुरूजवळच्या सुरतकलपर्यंत गेली. यात क्रेन लागत नाही, उचलीचा खर्च वाचतो, घाटातले डिझेल आणि टायर वाचतात. डीएफसीवर हरियाणातले रेवाडी ते गुजरातमधले पालनपूर अशी ट्रक-ऑन-ट्रेन सेवा आहे, तिथे दुधाचे टँकर चढतात. अंतर सुमारे ६३० किलोमीटर.

पण ट्रकचे स्वतःचे वजनही वाहून न्यावे लागते, म्हणजे भाड्याचा काही हिस्सा लोखंड आणि टायर फिरवण्यात जातो. वीजतारेखाली उंचीची मर्यादा येते. एकामागून एक ट्रक चढवायला वेळ लागतो. आणि मुंबईचा ट्रक कोलाडला पोहोचायचा तर आधी पनवेल, पेण, वडखळ ओलांडायला हवे. मुंबई-गोवा महामार्गाचा तो तुकडा माहीत असलेल्यांना पुढे काही सांगायला नको.

भिवंडी रोड स्थानकातही एक वेगळा प्रयत्न झाला. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मध्य रेल्वेने तिथे पार्सल चढवण्याची सोय केली आणि कोलकात्याजवळचे शालिमार, गुवाहाटीजवळचे आझरा इथे पार्सल गाड्या जाऊ लागल्या. गोदामांच्या शेजारचे स्थानक, दोन-अडीच हजार किलोमीटरचे अंतर आणि ट्रकला लागणारे कित्येक दिवस. इथे गणित जमले, कारण सी तोच असला तरी अंतर मोठे होते.

रस्त्याच्या बाजूला काय चालले आहे?

रेल्वे हे उत्तर साठ किलोमीटरला लागू नसेल तर त्या साठ किलोमीटरचा रस्ता सुधारणे एवढेच हाती राहते. वडपे ते माजिवडा हा मुंबई-नाशिक महामार्गाचा तुकडा रुंद करण्याचे काम एमएसआरडीसीकडे आहे. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका, लांबी १२६ किलोमीटर, ही कल्पना एवढी जुनी आहे की तिच्या बातम्या लिहिणारे पत्रकार निवृत्त झाले असतील. ती झाली तर बंदरातून भिवंडी-वसईला जाणाऱ्या ट्रेलरला शिळफाटा आणि मुंब्रा टाळता येईल. २०१८ मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता तेव्हा ऐरोली, ठाणे, कल्याण सगळीकडे त्याचे चटके बसले होते. एका रस्त्यावर बंदराचा किती भार आहे, हे त्या उन्हाळ्यात कळले.

कोंडीची किंमत कोण भरतो हेही पाहायला हवे. ट्रेलरमालकाला खेपेमागे पैसे मिळतात. ज्या ट्रेलरने दिवसात दोन खेपा करायला हव्यात त्याची एकच झाली तरी बँकेचा हप्ता, विमा आणि चालकाचा पगार तेवढाच राहतो, म्हणजे डिझेल सोडले तर प्रत्येक खेपेवर या खर्चाचा बोजा दुप्पट. तो आधी भाड्यात आणि मग मालाच्या किमतीत येतो. चालकाचे तास मात्र कुठेच येत नाहीत. बंदराने ट्रेलरसाठी मोठा वाहनतळ उभारला आहे, पण बंदी संपायची वाट पाहत भिवंडीच्या बाजूला रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या चालकाला साधे स्वच्छतागृह मिळणेही मुश्कील.

वाढवणचे आकडे

याच भागाकारात आता आणखी एक आकडा येणार आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमार आणि स्थानिकांचा विरोध कायम असताना ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचे काम पुढे सरकत आहे. पूर्ण क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख टीईयू, म्हणजे जेएनपीएच्या २०२४-२५ मधल्या उलाढालीच्या तिपटीहून अधिक. दिवसाला साधारण ६३ हजार टीईयू.

आराखड्यात डीएफसीला जोडणारा सुमारे १२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आणि महामार्गाला जोडणारा ३२ किलोमीटरचा रस्ता आहे. बंदर पूर्ण क्षमतेने चालू लागले आणि रेल्वेचा वाटा आजच्या जेएनपीएइतकाच राहिला, तर पालघर जिल्ह्यात रोज किमान २५ हजार ट्रेलर खेपा होतील. हा वाटा अर्ध्यावर नेता आला तर त्या १६ हजारांच्या आसपास येतील. त्यातल्या किती दक्षिणेला, मनोर-घोडबंदरमार्गे पुन्हा भिवंडीकडे वळतील, हे त्या बंदराभोवती गोदामांना जमीन कुठे दिली जाते आणि तिथे रूळ आधी पोहोचतात की रस्ता, यावर अवलंबून आहे.